मेलेल्या राजांची रोजंदारी

लक्सॉर शहरात नाईलवर पूल नाही. आहे तो शहराच्या दक्षिणेला, काही किलोमीटर लांब. पूर्व काठावरच्या हॉटेलच्या गच्चीतून थेबन डोंगर हाकेच्या अंतरावर दिसतो. पण गाडीनं तिथं पोचायचं तर आधी त्याच्याकडे पाठ करून पूल गाठायचा, नदी ओलांडायची आणि उसाच्या फडांमधून तेवढंच अंतर परत वर यायचं. फेरीबोट हेच काम काही मिनिटांत उरकते. म्हणून स्वतंत्र गाडी ठरवणाऱ्यानं एक गोष्ट ध्यानात ठेवावी: राहा कुठंही, गाडी मात्र पश्चिम काठावरची घ्या.

आमचा ड्रायव्हर पश्चिमेचाच होता. पन्नाशी उलटलेला, अंगात करडा गलाबिया, डोक्याला पांढरं मुंडासं, गाडी जुनी ह्युंदाई, पण काचा आतून-बाहेरून लख्ख. इजिप्तमध्ये ड्रायव्हर, मेकॅनिक, गवंडी, सगळ्यांनाच ‘उस्ता’ म्हणून हाक मारतात; आम्हीही तेच म्हणू लागलो. माझ्या ताईला तो ‘हाग्गा’ म्हणायचा. हज करून आलेल्या बाईचा हा मान तिकडे कुठल्याही वयस्कर बाईला मिळतो. ताई निवृत्त मुख्याध्यापिका. न मागता मिळालेला मान ती नाकारत नाही.

सौदा फोनवरच झाला होता. दिवसाची रक्कम ठरलेली, पेट्रोल त्यात धरलेलं, थांबण्याचे वेगळे पैसे नाहीत, आणि अलाबास्टर, पपायरस, अत्तर असल्या दुकानांत न्यायचं नाही. शेवटच्या अटीवर तो जरा घुटमळला. गिऱ्हाईक आणलं की दुकानदार ड्रायव्हरला कमिशन देतो, आणि ज्या गाडीचं भाडं फार स्वस्त असतं तिची उरलेली वसुली याच दुकानांतून होते. आम्ही भाडं थोडं वाढवून दिलं, विषय मिटला. तरीही वाटेत अलाबास्टरचं दुकान आलं की तो गाडी किंचित हळू करायचा. सवयीनं असेल.

पूर्वेचा काठ जिवंतांचा, पश्चिमेचा मेलेल्यांचा, हे वाक्य लक्सॉरवरच्या प्रत्येक पुस्तकात असतं. उस्ताला ते सांगितल्यावर तो मोठ्यानं हसला. त्याचं घर, शेत, गाढव, मुलंबाळं, सगळं पश्चिमेला. त्याचं म्हणणं, मेलेले आहेत म्हणून तर आम्ही जिवंत आहोत. हे वाक्य त्यानं याआधीही बऱ्याच प्रवाशांना ऐकवलेलं असणार. पण पुढचे काही दिवस त्याच्या शेजारी बसून फिरल्यावर मला वाटू लागलं, की या थडग्यांचा खरा इतिहास तोच आहे. राजा परलोकात गेला की नाही कुणी पाहिलंय? त्याच्या जाण्यावर इथल्या माणसांची चूल मात्र साडेतीन हजार वर्षं पेटते आहे.

राजांच्या दरीत खासगी गाडी फक्त वाहनतळापर्यंत जाते. ड्रायव्हर तिथंच थांबतो. स्थळावर माहिती सांगायचा हक्क परवानाधारक गाइडचा. ड्रायव्हर आत येऊन बोलू लागला तर त्याच्यावर कारवाई होऊ शकते. तिकिटं आता बहुतेक मोठ्या ठिकाणी कार्डानंच काढावी लागतात. तो पैसा सरळ सरकारी खात्यात जातो. नोटा जातात त्या ड्रायव्हर, चहावाला आणि पहारेकरी यांच्या हातात, आणि त्यांची नजर म्हणूनच कायम तुमच्या खिशाकडे असते.

दरीत साठाहून अधिक थडगी सापडली आहेत. इसवी सनापूर्वी सोळाव्या ते अकराव्या शतकापर्यंत इथं राजे पुरले गेले. साध्या तिकिटात उघड्या असलेल्यांपैकी तीन पाहता येतात. तुतनखामेन, पहिला सेती आणि सहावा रामसेस यांची तिकिटं वेगळी. बसनं आलेले गट रस्त्यालगतच्या सोप्या थडग्यांत शिरतात, कारण गाइडला सगळ्यांना वेळेत बाहेर काढायचं असतं. स्वतःची गाडी असल्याचा फायदा इथं कळतो. घाई नसेल तर दरीच्या अगदी टोकाला, कड्याच्या फटीत असलेलं तिसऱ्या थुतमोसचं थडगं बघावं. आधी लोखंडी जिना चढायचा, मग तेवढंच खोल उतरायचं. ताई मधल्या टप्प्यावर बसली आणि म्हणाली, “तू जा, मला वर्णन सांग.” पाच मिनिटांनी मागून आलीच.

या थडग्याची शवपेटीची खोली लंबगोल आहे. राजाचं नाव ज्या चौकटीत लिहीत त्या चौकटीच्या आकाराची. भिंतींवर सोनेरी-पिवळट रंग आणि त्यावर काळ्या-तांबड्या रेघांची काडीसारखी माणसं: सूर्यानं रात्रीचे बारा तास पाताळात केलेला प्रवास. पपायरसची गुंडाळी उलगडून भिंतीला लावावी तसं ते दिसतं. एका खांबावर झाडाला स्तन फुटलाय आणि राजा तो पितोय. शेजारी आईचं नाव, इसिस. ते देवीचं नाव आणि त्याच्या खऱ्या आईचंही. हवा कोंदट, घाम निथळतोय, आणि पहारेकरी पुठ्ठ्याचा फाटका तुकडा पुढं करतोय: वारा घ्या. पुठ्ठा परत करताना बक्षीस. दर श्वासाबरोबर आपण या भिंतींवर ओल सोडत असतो. रंग सुटण्याचं ते एक मोठं कारण. तुतनखामेनच्या थडग्यात गेटी संस्थेनं वर्षानुवर्षं काम करून 2019 मध्ये हवा खेळती ठेवायची नवी यंत्रणा बसवली ती त्यासाठीच.

तुतनखामेनबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांना पाठ आहे. एकच गोष्ट. त्याच्या वरच्या अंगाला दोनशे वर्षांनी सहाव्या रामसेसचं थडगं खोदलं गेलं. तिथल्या मजुरांनी राहायला झोपड्या बांधल्या, त्या नेमक्या तुतनखामेनच्या दारावर. दार गाडलं गेलं आणि विसरलं गेलं. 4 नोव्हेंबर 1922 ला हॉवर्ड कार्टरच्या माणसांना पहिली पायरी लागली ती त्या झोपड्यांच्या खाली. सोन्याचा मुखवटा राहिला तो रोजंदारीवरच्या माणसांच्या निवाऱ्यामुळं.

त्या वरच्या थडग्यात, सहाव्या रामसेसच्या, भिंतींवर ग्रीक अक्षरं खरवडलेली दिसतात. दोन हजार वर्षांपूर्वीचे पर्यटक! ही थडगी तेव्हाही हजाराहून अधिक वर्षं जुनी होती, आणि लोक मशाली घेऊन पाहायला येत आणि नावं कोरून जात. एकानं तर चक्क लिहून ठेवलंय की शवपेटीखेरीज मला इथं काही आवडलं नाही. सिंहगडावर नाव कोरणाऱ्यांना आपण शिव्या घालतो. इथं तीच अक्षरं आता अभ्यासाचा विषय झालीत. दोन हजार वर्षं थांबायची तयारी हवी.

पहिल्या सेतीचं थडगं मात्र वेगळं तिकीट काढून पाहावंच. किंमत मूळ तिकिटाच्या दुपटीहून जास्त, त्यामुळे गर्दी नाही. दरीतल्या लांबलचक थडग्यांपैकी हे एक, सुमारे 137 मीटर. 1817 मध्ये बेल्झोनी नावाचा इटालियन आत शिरला, तो आधी इंग्लंडमध्ये सर्कशीत ताकदीचे खेळ करायचा. त्यानं भिंतींचे मेणाचे छाप घेतले, त्यात रंग उचकटला. पुढं चित्रलिपी उलगडणारा शाम्पोलियाँ आणि त्याचा सहकारी रोसेलिनी आले, त्यांनी एका दाराच्या दोन्ही बाजूंची शिल्पं कापून नेली. आज सेतीचं शरीर कैरोत आहे, अलाबास्टरची शवपेटी लंडनला सर जॉन सोनच्या घरात, दाराची एक बाजू पॅरिसला, दुसरी फ्लॉरेन्सला. शवपेटी सोननं 1824 मध्ये दोन हजार पौंडांना घेतली, कारण ब्रिटिश म्युझियमला तेवढी किंमत परवडेना. जागेवर राहिलेलं आहे ते छत: निळं, त्यावर नक्षत्रं माणसांच्या आणि प्राण्यांच्या रूपात चाललेली. मान दुखेपर्यंत पाहिलं.

बाहेर आलो तेव्हा उस्ता सावलीत इतर ड्रायव्हरांबरोबर चहा पीत होता. चहा म्हणजे पाकच. “सेती?” त्यानं विचारलं. मी मान डोलावली. तो म्हणाला, “त्याच्या थडग्यात माझ्या आजोबांनी गाळ उपसलाय.” खरं-खोटं तपासायचा मार्ग नाही. पण शक्य आहे. या काठावरची दोन-तीन पिढ्यांमागची बहुतेक माणसं कुठल्या ना कुठल्या परदेशी मोहिमेवर पाट्या वाहत होती.

मला या सगळ्या परिसरात सर्वांत आवडलेली जागा राजांची नाही. देर अल-मदीना हे दरीत थडगी खोदणाऱ्या कारागिरांचं गाव. डोंगराच्या कुशीत, दोन टेकड्यांच्या मध्ये, तटबंदीच्या आत साठ-सत्तर घरांच्या जोत्यांच्या ओळी अजून उभ्या आहेत. पुढची खोली, मधली खोली, मागं चूल, खाली तळघर. घरं चिंचोळी, एकमेकांना चिकटलेली. विहीर नाही, पाणी खालून गाढवांवर यायचं. कामकरी आठवडा दहा दिवसांचा. आठ दिवस डोंगराच्या पलीकडे दरीत काम, रात्री माथ्यावरच्या झोपड्यांत मुक्काम, मग दोन दिवस घरी. तो डोंगरावरचा पायरस्ता आजही आहे.

या गावाची इतकी माहिती आपल्याला आहे कारण इथं लिहिणारी माणसं होती आणि ती फुकटच्या कागदावर लिहीत, म्हणजे चुनखडीच्या कपच्यांवर. तांब्याच्या छिन्न्या देताना आणि परत घेताना वजन केल्याच्या नोंदी आहेत. दिव्याच्या वाती किती दिल्या, किती जळल्या, त्याच्या नोंदी आहेत. ब्रिटिश म्युझियममध्ये दुसऱ्या रामसेसच्या चाळिसाव्या वर्षाचं हजेरीपत्रक आहे. कुणी कुठल्या दिवशी का आला नाही: डोळे आलेत, विंचू चावला, बिअर गाळायची होती, आईचं शव गुंडाळायचं होतं. ताईनं माझ्या फोनवर ते वाचलं आणि म्हणाली, “रजेचे अर्ज वाचण्यात माझं आयुष्य गेलं. यात नवीन काहीच नाही.”

पगार धान्यात. साध्या कारागिराला महिन्याला चार पोती गहू, दीड पोतं जव. मुकादमाला त्याहून जास्त. इथं ‘पोतं’ म्हणजे त्यांचं माप, सुमारे 76 लिटरचं. शिवाय मासे, भाजी, सरपण. तिसऱ्या रामसेसच्या एकोणतिसाव्या वर्षी, म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे 1157 मध्ये, हे धान्य यायचं थांबलं. माणसांनी हत्यारं खाली ठेवली, तटबंदी ओलांडली आणि ती जाऊन तिसऱ्या थुतमोसच्या मंदिरामागं बसली. मग दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मंदिरात. भूक लागलीय, तहान लागलीय, अंगावर कपडा नाही, तेल नाही. राजाला कळवा, असं त्यांचं म्हणणं एका लेखनिकानं टिपून ठेवलं. तो पपायरस आज तुरीनच्या संग्रहालयात आहे. जगातला पहिला नोंदलेला संप. अधिकाऱ्यांनी थोडं धान्य दिलं, वचनं दिली, पुन्हा उशीर केला, पुन्हा संप झाला. गिरणगावात वाढलेल्या कुणालाही हा क्रम सांगावा लागणार नाही.

त्याच तिसऱ्या रामसेसचं मंदिर, मेदिनेत हाबू, गावापासून गाडीनं पाच-सात मिनिटांवर. दुपारी तीननंतर जावं; गट निघून गेलेले असतात, ऊन तिरपं पडून कोरीव काम उठून दिसतं. ही कोरणी इतकी खोल आहे की काही अक्षरांत पंजा जातो. भिंतीवर युद्धात मारलेल्यांच्या तोडलेल्या हातांचे ढीग आहेत आणि शेजारी कारकून मोजणी लिहितोय. तेही हजेरीपत्रकच. आणि मंदिराच्या दक्षिणेच्या बाहेरच्या भिंतीवर सणावारांचं लांबलचक पंचांग: कुठल्या दिवशी देवाला किती पाव, किती बिअर, किती बदकं. ज्या राजाच्या भिंतीवर देवाच्या जेवणाचा असा काटेकोर हिशेब, त्याच्याच थडग्याचे कारागीर उपाशी बसले होते. भिंतीसमोर उभं राहून हे आठवलं की त्या देखण्या कोरणीकडे बघायची नजर बदलते.

पगार वेळेवर न मिळाल्यावर पुढं काय होणार हे सांगायला नको. नवव्या रामसेसच्या सोळाव्या वर्षी, संपानंतर सुमारे अर्धशतकानं, थडगीफोडीचा मोठा खटला चालला. अमेनपनेफेर नावाच्या पाथरवटानं दिलेला कबुलीजबाब पपायरसवर उतरवलेला आहे. हा पपायरस आज दोन तुकड्यांत आहे: एक ब्रुसेल्सला, एक न्यूयॉर्कला. आठ जणांनी सोबेकेमसाफ राजाचं थडगं फोडलं, राजा-राणीच्या अंगावरचं सोनं उतरवलं, शवपेट्या जाळल्या. सोनं 160 देबेन, म्हणजे साडेचौदा किलोच्या आसपास. प्रत्येकी वीस देबेन वाटा. मग हा पकडला गेला. त्यानं आपला वाटा बंदरावरच्या कारकुनाला दिला, सुटला आणि साथीदारांकडे परत गेला; त्यांनी त्याची नुकसानभरपाई केली. आणि फोडाफोडी पुढं चालू. त्या काळच्या जबान्यांत चोरांना नदी पार करून देणाऱ्या कोळ्यालाही सोन्याचा वाटा मिळाल्याचं आलं आहे. हे मी उस्ताला सांगितलं. तो म्हणाला, “वाहतुकीचे पैसे तर द्यावेच लागणार.”

या खटल्याला आणखी एक पदर होता. पूर्व काठाचा महापौर पासेर यानं पश्चिमेचा महापौर पावेराआ याच्या हद्दीत चोऱ्या चालल्याची तक्रार केली आणि चौकशीत पश्चिमवाल्यानं त्यालाच खोटं पाडलं. दोन काठांची भांडणं तेव्हापासूनची. आजही पूर्वेच्या हॉटेलवाल्यानं दिलेली गाडी आणि पश्चिमेचा टॅक्सीवाला यांच्यात गिऱ्हाइकावरून कुरबूर चालूच असते.

देर अल-बहारीला हातशेप्सुतच्या मंदिरात गर्दी होती, तिथं आम्ही फार थांबलो नाही. मंदिर सुंदर आहे, पण सिमेंटनं इतकं दुरुस्त केलंय की जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे शोधण्यातच वेळ जातो. मंदिराजवळच्या कड्यात एक खोल उभं भुयार आहे, तिकडे उस्तानं बोट दाखवलं. 1871 च्या सुमारास कुर्ना गावच्या अब्द अल-रसूल घराण्यातल्या भावांना ते सापडलं. आत राजेच्या राजे: दुसरा रामसेस, पहिला सेती, तिसरा थुतमोस. चोरांपासून वाचवण्यासाठी प्राचीन पुरोहितांनीच त्यांना एकत्र आणून लपवलेलं. त्या भावांनी दहा वर्षं एकेक वस्तू बाजारात सोडली. दागिने, पपायरस दिसू लागले तसा सरकारला संशय आला, भावांना पकडलं, मारलं; शेवटी 1881 मध्ये घरातल्याच एकानं जागा दाखवली. पुरातत्त्व खात्याच्या ब्रुग्शनं दोन दिवसांत भुयार रिकामं केलं आणि राजे बोटीनं कैरोला निघाले. काठावरच्या गावांतल्या बायकांनी केस मोकळे सोडून ऊर बडवल्याचं, पुरुषांनी बंदुकीचे बार काढल्याचं लिहिलेलं आहे. पुढं कैरोच्या जकात नाक्यावर शवाला कुठला दर लावायचा हे यादीत सापडेना, म्हणून कारकुनानं एका राजाला सुकी मासळी म्हणून नोंदवलं, असा किस्सा सांगतात.

पुस्तकांत अब्द अल-रसूल घराण्याला चोर म्हटलेलं असतं. उस्ताचा आवाज या ठिकाणी जरा चढला. बेल्झोनी काय करत होता, त्यानं विचारलं. यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

त्याचा जन्म जुन्या कुर्नातला. टेकडीवर, सरदारांच्या थडग्यांच्या डोक्यावर उभी असलेली मातीची घरं, भिंतींवर हजयात्रेची चित्रं: विमान, काबा, बोट. घराखाली थडगं, काहींच्या गोठ्यातूनच आत जायची वाट. सरकारला हे गाव कधीच नको होतं. 1940 च्या दशकात वास्तुविशारद हसन फथी यांनी खाली सपाटीवर मातीचं घुमटदार नवं गाव बांधलं. जगभर त्याचं कौतुक झालं, कुर्नाचे लोक मात्र गेले नाहीत. कारण घर चांगलं असलं तरी धंदा टेकडीवर होता. 2006 च्या अखेरीस बुलडोझर आले आणि पुढच्या तीनेक वर्षांत टेकडी रिकामी झाली. सुमारे तीन हजार कुटुंबं उत्तरेला सिमेंटच्या वसाहतीत गेली. “नवं घर वाईट नाही,” उस्ता म्हणाला. “पाणी आहे, वीज आहे. पण पर्यटक तिथं कशाला येईल?” टेकडी आता नकाशात हवी तशी स्वच्छ दिसते. मला ती उजाड वाटली. थडग्यांना लोकवस्तीचा धोका होता, ओल झिरपत होती, हे खरं. पण पिढ्यानुपिढ्या या डोंगरावर माणसं राहिली, ती हलवून जे उरलं त्याला जतन म्हणायचं का, याबद्दल माझं मन ठाम नाही.

अबायडॉसचा दिवस वेगळा. गाडी नसेल तर हे होत नाही, म्हणजे होतं, पण फार खटपटीचं. लक्सॉरपासून उत्तरेला सुमारे 160 किलोमीटर, वाटेत केना आणि डेंडेरा. पहाटे निघालो. रस्ता कालव्याच्या कडेनं, दोन्ही बाजूंना ऊस, त्याला समांतर उसाच्या गाड्यांचे अरुंद रूळ. सांगलीच्या मातीतली ताई पिकाकडे बघून म्हणाली, “पाणी जास्त देतात.” दर गावात गतिरोधक, त्यांवर रंग नाही, फलक नाही, उस्ताला सगळे पाठ. रात्री समोरून येणारी गाडी कित्येकदा दिव्यांशिवाय येते. म्हणून अंधार पडायच्या आत परत, ही त्याची अट.

पोलीस चौक्या दर थोड्या अंतरावर. 17 नोव्हेंबर 1997 ला हातशेप्सुतच्या मंदिरात अतिरेक्यांनी 62 जणांना मारलं, त्यात 58 परदेशी. त्यानंतर कित्येक वर्षं परदेशी माणसाची गाडी एकटी जाऊच शकत नव्हती. ठरल्या वेळी पोलिसांच्या ताफ्यातून सगळ्यांनी एकत्र निघायचं आणि एकत्र परतायचं. अबायडॉसला तेव्हा घड्याळ लावून मंदिर पाहावं लागे. आता चौकीवर फक्त काच खाली होते. पोलीस विचारतो, कुठले? उस्ता म्हणतो, “हिंदी.” पोलीस वाकून आत बघतो, आणि पुढचा शब्द ठरलेला: “अमिताभ बच्चन!” मग हात हलतो, पट्टी वर जाते. ताईनं एकदा विचारलं, शाहरुख चालत नाही का? पोलिसानं विचार करून सांगितलं, तोही चांगला आहे.

केनाच्या अलीकडे किफ्त नावाचं गाव लागतं. फलक दिसला आणि मी गाडी थांबवायला सांगितली. बघण्यासारखं फार काही नाही. पण हेच ग्रीकांचं कोप्टोस. पहिल्या शतकात तांबड्या समुद्राच्या बंदरांवर उतरलेला हिंदुस्थानचा माल उंटांवरून वाळवंट ओलांडून इथं नाईलला लागायचा आणि बोटीनं अलेक्झांड्रियाला जायचा. त्या काळी इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये सोपारा आहे, कल्याण आहे, आणि बैलगाड्यांनी भडोचला माल पाठवणारे पैठण आणि तेर आहेत. म्हणजे तेरचं कापड याच धुळीतून गेलं असणार. उस्ताला हे सांगितल्यावर तो म्हणाला, उंटवाल्यांनी काय दर घेतला असेल?

डेंडेराला हाथोरचं मंदिर. छतावरची शतकांची काजळी हल्लीच्या वर्षांत काढल्यावर खालून जो निळा रंग निघाला तो छायाचित्रात येत नाही. वरच्या मजल्यावरचं राशिचक्र मात्र प्रतिकृती आहे. मूळ 1821 मध्ये करवतीनं आणि सुरुंगाच्या दारूनं काढून पॅरिसला नेलं. मागच्या भिंतीवर क्लिओपात्रा आणि तिचा मुलगा. बास.

अबायडॉसला पहिल्या सेतीचंच दुसरं काम, त्याचं मंदिर. इजिप्तमधलं सर्वांत नाजूक कोरीव काम इथं आहे असं माझं मत, आणि त्यात सेतीच्या थडग्याचाही अपवाद करत नाही. ओसायरिसच्या खोलीत राजाच्या कपड्यातल्या चुण्या इतक्या पातळ उठवल्यात की दगडावरून हात फिरवावासा वाटतो. पहारेकऱ्याच्या नजरेमुळे फिरवला नाही. एका अरुंद बोळात राजावळीची भिंत आहे: मेनी राजापासून सेतीपर्यंत 76 नावं. समोर सेती आणि धाकटा राजपुत्र रामसेस, पूर्वजांना मान देताना. यादी पूर्ण नाही. हातशेप्सुत नाही, बाई होती म्हणून. अखेनातेन नाही, देव बदलले म्हणून. आणि तुतनखामेनही नाही. ज्याचं नाव आज इजिप्तच्या प्रत्येक दुकानाच्या पाटीवर आहे, त्याला त्याच्याच वारसांनी यादीतून काढलं होतं.

पहारेकरी मात्र राजावळीकडे नेत नाही, तो सरळ एका तुळईखाली उभं करतो आणि वर बोट दाखवतो: हेलिकॉप्टर! सेतीच्या उपाध्या बुजवून त्यांवर रामसेसच्या उपाध्या कोरल्या, गिलावा पडला आणि दोन्ही अक्षरं एकमेकांत मिसळून तो आकार तयार झाला. पण हेलिकॉप्टरला बक्षीस मिळतं, व्याकरणाला नाही.

दक्षिणेचा प्रवास थोडक्यात सांगतो. इस्नाचं मंदिर आजच्या रस्त्यापेक्षा नऊ मीटर खाली खड्ड्यात आहे, भोवती बाजार. तिथले साफ केलेले रंग पाहायला तरी उतरावं. एडफूचं होरसचं मंदिर छतासकट शाबूत, कारण शतकानुशतकं ते वाळूत गाडलेलं होतं आणि छतावर लोकांनी घरं बांधली होती. 1860 च्या दशकात पुरातत्त्वज्ञ मारिएतनं ते मोकळं केलं. पुन्हा तेच: घरं गेली, मंदिर आलं. कोम ओम्बोला मगरींच्या ममी आहेत, मुलं बरोबर असतील तर चुकवू नका.

आस्वानहून अबू सिम्बेल सुमारे 280 किलोमीटर, सगळा वाळवंटातून. पहाटे अंधारात निघायचं, सगळ्या गाड्या त्याच वेळी. दुसऱ्या रामसेसचे वीस मीटर उंच चार पुतळे समोर आल्यावर पहिली प्रतिक्रिया सगळ्यांची सारखीच असते, ती लिहीत नाही. मला त्यामागचा पोकळ डोंगर अधिक विलक्षण वाटला. आस्वानच्या मोठ्या धरणामुळं हे सगळं पाण्याखाली जाणार होतं. 1964 ते 68 मध्ये युनेस्कोच्या मदतीनं मंदिर हजाराहून अधिक तुकड्यांत कापलं, 65 मीटर वर आणि सुमारे दोनशे मीटर मागं नेऊन पुन्हा जोडलं, वर काँक्रीटचा घुमट आणि त्यावर नकली डोंगर. जगानं त्यासाठी पैसे गोळा केले. त्याच धरणानं बुडवलेल्या गावांतले न्युबियन, इजिप्तमधले पन्नास हजारांच्या आसपास, कोम ओम्बोच्या परिसरातल्या वसाहतींत हलवले गेले. त्यांच्या घरांचे तुकडे क्रमांक घालून कुणी जोडले नाहीत.

परतीच्या वाटेवर उस्ता बोलका झाला. 2010 मध्ये देशात दीड कोटीच्या आसपास पर्यटक आले होते. त्या वर्षी त्यानं ही गाडी हप्त्यांवर घेतली. पुढच्या वर्षी क्रांती झाली. 2016 पर्यंत आकडा 54 लाखांवर आला, आणि त्या वर्षांत तो गाडी घरी लावून ऊसतोडीला जात होता. मग करोना. आता पर्यटक पुन्हा दीड कोटीच्या वर गेलेत, पण मार्च 2024 मध्ये पौंड एका फटक्यात घसरला, डॉलरला 31 चे 47-48 झाले, इंधनाचं अनुदान कमी होत गेलं, टायर आयात केलेले. तो आता परदेशी गिऱ्हाइकाशी भाडं डॉलरमध्येच ठरवतो आणि घरी नेईपर्यंत बदलत नाही. यातलं आकडेवारीचं मी नंतर ताडून पाहिलं, टायरचं त्याच्याच तोंडचं.

आस्वानला स्टेशनासमोर हिशेब केला. ठरलेली रक्कम, वर ताईनं स्वतःच्या पाकिटातून काढलेलं बक्षीस, ज्यावरून आमच्या दोघांत थोडी बाचाबाची झाली, कारण मीही वेगळं काढून ठेवलं होतं. त्यानं दोन्ही घेतलं. लक्सॉर तिथून सव्वादोनशे किलोमीटर, आणि मोकळी गाडी नेणं त्याला परवडणार नव्हतं. आमचं सामान उतरत असतानाच तो फोनवर तीन ठिकाणी बोलला. इस्नापर्यंतची दोन माणसं मिळाली. तिसरं गिऱ्हाईक घासाघीस करत होतं, आणि उस्ता खिडकीतून हात बाहेर काढून त्याला पेट्रोलचे दर समजावत होता.